तीस ग्लास आणि एक प्याला

"चोवीस," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी सभासदांच्या पटावर पेन्सिल आडवी ठेवली.

"पुन्हा मोजा," साळवे गुरुजी म्हणाले.

"तीनदा मोजले, गुरुजी. मोजल्यानं माणसं वाढत नाहीत."

ईस्टरच्या आदला, झावळ्यांचा रविवार होता. उपासना आटोपून लोक घरोघर गेले होते आणि हे दोघे आमच्या ओसरीत चहा घेत बसले होते. रणनवरे हे आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तालुक्याला राहायचे. आमच्या बोरटाकळीला महिन्यातून दोन रविवार मोटारसायकलवर यायचे, आणि इथून पुढे आणखी एका गावाची उपासना असल्यामुळे त्यांचं एक लक्ष कायम मनगटावरच्या घड्याळाकडे असायचं. साळवे गुरुजी आमच्या मंडळीचे, म्हणजे गावच्या चर्चचे, चिटणीस. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण हजेरी घ्यायची सवय गेली नव्हती. उपासनेत डोळे मिटून प्रार्थना चालू असतानाही ते एक डोळा उघडून कोण आलं, कोण नाही ते बघायचे.

चर्चच्या वरच्या कचेरीतून पत्र आलं होतं. पत्रात दोनच गोष्टी होत्या. ज्यांनी दोन वर्षांत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची पोळी आणि द्राक्षरस, घेतलेलं नाही, त्यांची नावं ईस्टरनंतर पटावरून कमी करावीत. आणि ज्या गावी पंचवीसपेक्षा कमी सभासद उरतील, तिथली मंडळी बंद करून ते तालुक्याचं उपकेंद्र करावं. उपकेंद्र म्हणजे गाणी आणि प्रार्थना गावात. प्रभुभोजन, बाप्तिस्मा, लग्न सगळं तालुक्याला. तालुका अठरा मैल. आमच्या चोविसांतल्या अकरा जणांना तर गावच्या वेशीपर्यंत चालवत नव्हतं.

"आणि पंचविसावा?" पाळकसाहेबांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

पंचविसावे म्हणजे माझे सासरे, पौलसराव उजागरे. मी त्यांना मामा म्हणायची. ते ओसरीच्या दुसऱ्या टोकाला खांबाला टेकून बसले होते. रविवारी काम करायचं नाही हा त्यांचा नेम, म्हणून ते काहीच करत नव्हते, आणि ते फार मन लावून करत होते.

"पौलसराव, प्रभुभोजन बंदीची तुमची शिस्त तीन महिन्यांची होती."

"होती."

"बारा वर्षं झाली."

"साडेबारा."

"मग आत या की आता."

"येईन ना."

"कधी?"

मामांनी आढ्याकडे पाहिलं. "बघू."

"बघू म्हणे," आतून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई म्हणाल्या. त्या कुणाशी बोलतायत हे कधीच सांगायच्या नाहीत; ज्याला लागेल त्यानं घ्यायचं. "बसून बसून पायरीला खड्डा पडला. दगडाला समजलं, ह्यांना न्हाई समजलं."

ही पायरी कुठली ते सांगायला हवं. आमचं चर्च दगडी, रस्त्याला लागून, पुढे तीन पायऱ्या. दर रविवारी मामा आंघोळ करून, इस्त्रीचा कोट घालून, सगळ्यांच्या आधी यायचे आणि सर्वांत वरच्या पायरीवर डाव्या अंगाला बसायचे. आत यायचे नाहीत. प्रवचन बाहेरून ऐकायचे, गाणी बाहेरून म्हणायचे. दारातून सूर पोचायला वेळ लागायचा, त्यामुळे ते नेहमी अर्धी ओळ मागे असायचे. मी नवी नवरी असताना पहिल्या रविवारी आतलं गाणं संपलं आणि बाहेरून शेवटचे चार शब्द आले. मला वाटलं, इमारत जुनी आहे, घुमत असेल.

त्या घरात मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. माझे यजमान श्रीरामपूरला कंपाउंडर होते, पंधरा दिवसांनी यायचे. घरात आम्ही तिघंच. माझे नेम मी माहेरून आणले होते: पहाटे गुडघ्यांवर प्रार्थना, एक अध्याय वाचन, शुक्रवारी उपास आणि निजण्याआधी दिवसभरातल्या चुका देवाला सांगणं, एकही न गाळता. माझा आवाज लहान. गाण्यात तो फक्त शेजारच्या बाईला ऐकू जातो. आत्याबाई म्हणायच्या, "हिचं बोलणं देवाला बरोबर ऐकू जात असंल, आपल्याला काय कळत न्हाई." तरी मी आवाज वाढवला नाही.

पाळकसाहेब उठले. "हे बघा पौलसराव, येत्या रविवारी ईस्टर आहे. सकाळी सहाला प्रभुभोजन. आत येऊन घेतलंत तर पंचवीस. नाही आलात तर मला तुमच्या नावावर रेघ मारावी लागेल, आणि मग मंडळीवरच." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मला ते आवडणार नाही. पण मारेन."

"मारा," मामा म्हणाले. रागानं नाही. पाहुण्याला "घ्या, संकोच करू नका" म्हणावं तसं.

ते दोघे गेल्यावर आत्याबाई प्रभुभोजनाच्या रसासाठी मनुका निवडायला बसल्या. त्यांचे हात कापायचे, म्हणून तयारीचं काम त्या वर्षीपासून माझ्याकडे आलं होतं: मनुका भिजवून रस काढायचा, बिनखमिराची पोळी भाजायची, ग्लास धुवायचे. मी त्यांच्यासमोर बसून विचारलं, "आत्याबाई, नक्की झालं काय होतं?"

"काय व्हायचंय. मारामारी," त्या म्हणाल्या आणि एक काडी बाजूला टाकली.

मग त्यांनी सांगितलं ते असं. आमच्याकडे आधी एकच मोठा प्याला फिरायचा. सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. बळवंत घाटविसावे, ज्यांना सगळे बळूनाना म्हणायचे, ते मामांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेला. बळूनानांना क्षय झाला. दीड वर्ष ते दवाखान्यात होते. बरे होऊन, डॉक्टरचा दाखला घेऊन परत आले आणि त्याच महिन्यात मंडळीच्या पंचांच्या सभेत ठराव झाला की प्याला बंद, यापुढे प्रत्येकाला वेगळा लहान ग्लास. पन्नास ग्लास आणले. ठराव मांडला होता मामांनी.

"बळूभावजींसमोर ताट आलं," आत्याबाई म्हणाल्या. "त्यांनी बघितलं. म्हणाले, कुणाची कल्पना? ह्यांनी हात वर केला. शाळेत करतात तसा. मग भावजींनी ताट उधळलं, वीस ग्लास गेले. ह्यांनी त्यांचा हात धरला, त्यांनी ह्यांचा कोट. दोघं मिळून मेजावर पडले. तेव्हाचे पाळकसाहेब मेजाखाली निघाले. दोघांनाही तीन महिने प्रभुभोजन बंद. एवढंच."

"आणि तीन महिन्यांनी?"

"भावजी आलेच न्हाईत. ह्यांनी पायरी धरली."

बळूनानांचं सायकल आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान चर्चच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे होतं. म्हणजे बारा वर्षं दर रविवारी मामा पायरीवर बसून दुकानाकडे बघायचे आणि बळूनाना दुकानात बसून पायरीकडे. मधून एसटी जायची.

सोमवारी मामा बैलांना पाणी पाजत होते तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं. मला ऐकायला त्यांना वाकावं लागलं.

"मामा, तुम्ही आत का येत नाही?"

त्यांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "पोरी, मंडळी म्हणजे एक शरीर म्हणतात. खरंय का?"

"खरंय."

"मग एक हात समोरच्या दुकानात ठेवून मी आत जेवायला कसा बसू?"

त्यांनी दुसऱ्या बैलापुढे बादली सरकवली.

"ग्लासांचा ठराव मी त्याच्यासाठीच मांडला होता," ते म्हणाले. "तो यायच्या आदल्या रविवारी दोन बाया बोलत होत्या की बळवंताच्या मागून प्याला आला तर आम्ही तोंड लावणार नाही. म्हटलं, सगळ्यांनाच वेगळं दिलं तर त्याच्या मागं-पुढं कुणाला सरकावं लागणार नाही. त्याला काही कळायचंच नाही." त्यांनी रिकामी बादली उचलली. "त्याला तेवढंच कळलं."

"हे त्यांना सांगितलंत?"

"मेजावर पडल्या पडल्या कसं सांगणार?"

"नंतर?"

"नंतर तो ऐकायला आला नाही. आता तो येईल तेव्हा दोघं आत जाऊ. आणि हे तू जाऊन त्याला सांगायचं नाहीस. बोलावून आणलेला माणूस पाहुणा असतो. मला पाहुणा नकोय. दे शब्द."

मी शब्द दिला. माझा शब्द लहान आवाजात असला तरी मी पाळते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

गुरुवारी सकाळी मी ग्लास धुवायला आडावर नेले. परत आलं ते नुसतं ताट.

"ग्लास?" आत्याबाईंनी विचारलं.

"फुटले."

"किती?"

"सगळे."

"सगळे?"

"हो, आत्याबाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताटाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "लागलं न्हाई ना कुठं?"

"नाही."

"मग गुरुजींना बोलाव."

साळवे गुरुजी आले, त्यांनी आडावर जाऊन काचा पाहिल्या आणि परत येऊन ओसरीत बसले. तालुक्याहून नवे आणायचे तर उद्या उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे, दुकानं अर्धी बंद. परवा शनिवार, एसटीचा भरवसा नाही. घरची फुलपात्रं वापरावीत तर सारखी तीस कुणाकडेच नव्हती. शेवटी गुरुजींनीच तो विषय काढला.

"जुना प्याला आहे पेटीत," ते म्हणाले, आणि आपणच बोललेलं त्यांना आवडलं नाही असा चेहरा केला.

पेटी उघडली. प्याला पितळेचा, आत कल्हई केलेला, वीतभर उंच. बारा वर्षांत काळवंडला होता आणि त्याची बैठक निखळून हातात आली.

"हा कथिलाचा डाग दिल्याशिवाय उभा राहायचा नाही," गुरुजी म्हणाले. "गावात डाग कोण देतं?"

गावात डाग देणारा एकच होता.

"मी नेते," मी म्हणाले.

दुकानात बळूनाना एका स्टोव्हच्या बर्नरमध्ये पिन घालत होते. बारीक माणूस, चष्म्याला दोरा बांधलेला. मी प्याला समोर ठेवला. त्यांनी तो ओळखला. हात मात्र लावला नाही.

"हे कशाला काढलं?"

"ग्लास फुटले, नाना."

"किती व्हते?"

"तीस."

"किती फुटले?"

"तीस."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी एवढा रागात व्हतो, तरी वीसच फुटले माझ्या हातनं."

मी म्हणाले, "रविवारी सकाळी सहाला लागेल."

"म्हंजे ह्याच्यातून पेनार समदे?"

"हो."

"आन् मी डाग दिल्यावर आत पानी घालून बघावं लागंल, गळतोय का. तोंड लावून बघतो मी. सवय हाय माझी. चालंल का पंचांना?"

"मला चालेल."

ते हसले नाहीत, पण पिन खाली ठेवली. मग हनुवटीनं चर्चकडे दाखवलं. गुरुवार असल्यामुळे पायरी मोकळी होती, एक कोंबडी तेवढी होती. "तुझा सासरा बारा वर्सं त्या दारात बसतोय. म्हाईत हाय कशाला?"

मी शब्दाला बांधलेली होते.

"मला अडवाया. म्या रस्ता वलांडला की उठून हुबा राहील. पैल्या वर्सी दोनदा निघालो व्हतो. त्याला बघितला आन् माघारी आलो. दारात राखन बसवलीय म्हनल्यावर कोन जाईल?"

मी दुकानातल्या तेलाच्या डब्यावर बसले. खरं काय ते मला माहीत होतं, जिभेवर होतं, आणि सांगायचं नव्हतं. त्या दिवसाइतका माझा नेम मला कधी जड झाला नाही.

"नाना," मी शेवटी म्हणाले, "माणूस अडवायला बसला तर दाराच्या मधोमध बसतो ना?"

"काय? जरा मोठ्यानं."

"म्हटलं, अडवणारा मधोमध बसतो. मामा डाव्या अंगाला बसतात. कडेला. शेजारी एका माणसाची जागा सोडून. दोन वर्षं मी बघतेय, त्या जागेवर ते कधी छत्रीसुद्धा ठेवत नाहीत."

बळूनानांनी पायरीकडे पाहिलं. कोंबडी उतरून गेली तरी ते बघतच होते.

"जा तू," ते म्हणाले. "प्याला राहू दे. रविवारी देतो."

"न्यायला कुणाला पाठवू?"

"देतो म्हनलं ना."

शुक्रवार उपासात गेला. शनिवारी प्याला आला नाही. रविवारी पहाटे मी पोळी फडक्यात बांधली, रसाची किटली घेतली आणि आम्ही निघालो. मामा कोट घालून कधीच पायरीवर जाऊन बसले होते. दुकानाची फळी अजून लावलेली होती.

सहा वाजले. सगळे आत आले. पाळकसाहेबांनी मेजावरचं पांढरं कापड सारखं केलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "प्याला?"

"दुरुस्तीला आहे," गुरुजी म्हणाले.

"कुठं?"

गुरुजींनी उघड्या दारातून समोर बोट दाखवलं. सगळ्या मंडळीनं मान वळवून त्या बोटाकडे आणि मग दुकानाकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माना परत सरळ केल्या. गाणं सुरू झालं.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. पाळकसाहेबांनी पुनरुत्थानावर प्रवचन केलं, आणि ते संपल्यावर आणखी थोडं केलं. त्यांना आठ वाजता पुढच्या गावी पोचायचं होतं. मी बायकांच्या रांगेत दाराच्या कडेला होते. मला बाहेरचं दिसत होतं. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर दुकानाची फळी निघाली. बळूनाना धुतलेला सदरा घालून बाहेर आले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला प्याला. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. रस्त्यावर काहीही नव्हतं. तरी बराच वेळ पाहिलं. मग ओलांडला.

मामा उठले नाहीत. हललेही नाहीत.

बळूनाना पायरीपाशी उभे राहिले. "हितं कोन बसतं?" त्यांनी मामांच्या शेजारच्या जागेकडे बघून विचारलं.

"तू," मामा म्हणाले.

बळूनाना बसले. दोघेही समोर बघत होते. आतलं गाणं विस्कटत विस्कटत थांबलं, कारण सगळे ऐकत होते.

"हितनं माझं दुकान लई भिकार दिसतं," बळूनाना म्हणाले.

"बारा वर्षं सांगीन म्हणत होतो," मामा म्हणाले.

"मग सांगायचं व्हतंस."

"तू मारलं असतंस."

"मारलंच असतं."

पाळकसाहेब मेजामागून म्हणाले, "बळवंतराव, प्याला आत आणता का?"

बळूनानांनी मागे वळून न बघता उत्तर दिलं. "डाग वला हाय, पाळकसायब. हलिवला तर सुटंल."

मला डाग देण्यातलं फार काही कळत नाही, पण तो निवायला घटकाही लागत नाही एवढं माहीत आहे. पाळकसाहेबांनाही माहीत असावं. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मंडळीकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या दोन पाठींकडे. मग पोळीचं ताट उचललं आणि चालू लागले. त्यांच्या मागे आत्याबाई उठल्या. त्यांच्या मागे सगळे. गुरुजी शेवटी निघाले, कारण ते किती जण बाहेर जातात ते मोजत होते.

प्याला पायरीवर उभा होता, घासून पुसून लख्ख. मी किटलीतून रस ओतला. एक थेंब गळला नाही. आम्ही पायऱ्यांवर, पायऱ्यांखाली आणि रस्त्याच्या कडेला उभे होतो. दुधाची सायकल घेऊन जाणारा एक माणूस थांबला आणि कुणाचं काय झालं म्हणून त्यानं विचारलं. आत्याबाईंनी त्याला सांगितलं, काही नाही, जेवतोय.

पोळी मोडून झाली. पाळकसाहेबांनी प्याला आधी बळूनानांना दिला. बळूनानांनी तो दोन्ही हातांत धरला. ते प्यायले. गिळल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

पाळकसाहेबांनी प्याला परत घेतला आणि काठ पुसायला पांढरा रुमाल काढला. मामांनी हात पुढे केला.

"असू द्या," ते म्हणाले. "तसाच द्या."

आणि जिथं बळूनानांचे ओठ लागले होते, तिथंच तोंड लावून ते प्यायले. मग प्याला आत्याबाईंकडे गेला. मग पुढे. प्याल्याला तोंड लावणार नाही म्हणालेल्या त्या दोन बायकांपैकी एक तोवर देवाघरी गेली होती. दुसरीच्या हातात प्याला आला तेव्हा तिनं मामांकडे पाहिलं, मामांनी आकाशाकडे पाहिलं, आणि ती प्यायली.

शेवटची प्रार्थना झाल्यावर गुरुजींनी पट उघडला. "सव्वीस!" ते ओरडले. "पौलसराव पंचवीस, बळवंतराव सव्वीस!" मग त्यांना शंका आली. "पाळकसाहेब, रकाना आहे इथं. चर्चमध्ये किती जणांनी घेतलं? आत तर कुणीच नव्हतं."

"सव्वीस लिहा," पाळकसाहेब म्हणाले आणि मोटारसायकलकडे निघाले.

"पाळकसाहेब, मला काही सांगायचंय," मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले. आत्याबाईंनी त्यांना हाक मारली तेव्हा ते थांबले.

"ग्लास मी फोडले," मी म्हणाले.

"माहीत आहे बाई, धुताना हातून निसटतात—"

"निसटले नाहीत. फोडले. कपडे धुवायच्या धोपाटण्यानं."

"सगळे?"

"एकेक. एकदम तीस फुटत नाहीत. वेळ लागला."

"मोठ्यानं बोल," मागून कुणीतरी म्हणालं. मला ते सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.

"राग आला होता का?" पाळकसाहेबांनी विचारलं. त्यांना माझ्यासाठी काहीतरी सबब हवी होती.

"नाही. प्रार्थना करून गेले होते. ग्लास असते तर पेटी उघडली नसती."

"मग हे आज कशाला सांगतेस? गुरुवारी का नाही सांगितलंस?"

"गुरुवारी पंचवीस व्हायचीसुद्धा खात्री नव्हती. पंचवीस झाले असते आणि मला शिस्त लागून मोजणीतून वगळलं असतं तर पुन्हा चोवीस. सव्वीस झाल्यावर सांगायचं ठरवलं होतं." मग जे सर्वांत जड होतं तेही सांगितलं. "तीन रात्री देवाला एक गोष्ट गाळून बाकीच्या सांगितल्या. त्याची शिस्त वेगळी लावली तरी चालेल."

पाळकसाहेबांनी पहिल्यांदाच घड्याळ पाहिलं नाही. ते पंचांकडे वळले. पंच म्हणजे गुरुजी, आणखी एक म्हातारे, आणि मामा, कारण बारा वर्षांत मामांचं नाव पंचांतून कमी करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"मंडळीची वस्तू जाणून मोडली," मामा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तीन महिने."

"थांब," बळूनाना म्हणाले. "मला ईस ग्लासाला तीन म्हैने व्हते. हिचे तीस हायेत."

गुरुजींनी बोटांवर हिशेब केला. "साडेचार होतात."

प्रभुभोजन महिन्यातून एकदाच असायचं. अर्धा महिना कसा पाळायचा यावर रस्त्यात उभं राहून थोडी चर्चा झाली. शेवटी पाच ठरले. गुरुजींनी माझ्या नावापुढे खूण केली, सव्विसावर रेघ मारली आणि पंचवीस लिहिले. मंडळी राहिली.

घरी जाताना आत्याबाई माझ्या पुढे चालत होत्या. "धोपाटणं," त्या रस्त्याला उद्देशून म्हणाल्या. "त्या धोपाटण्यानं उद्या माझं लुगडं धुऊ नका म्हणावं कुणी. काच लागंल."

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होतील. मे महिन्यातलं प्रभुभोजन मात्र मला कालचं वाटतं. नवे ग्लास आणायचा ठराव कुणी मांडला नव्हता. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मधे वाट. आत्याबाईंच्या पलीकडे मी बायकांच्या रांगेचं शेवटचं माणूस होते. वाटेच्या पलीकडे बळूनाना पुरुषांच्या रांगेचे पहिले, आणि त्यांच्या शेजारी मामा. पाळकसाहेबांनी प्याला बायकांकडून सुरू केला. तो हातोहात आला. आत्याबाई प्यायल्या आणि प्याला धरून थांबल्या, कारण पुढे मी होते आणि मला शिस्त होती. त्यांनी वाटेच्या पलीकडे हात लांबवून पाहिला. पोचला नाही; हात कापत होता आणि प्याला अजून अर्धा भरलेला होता.

गुरुजींनी एक डोळा उघडला. पाळकसाहेबांनीही पाहिलं. नियमात मी पिऊ नये असं होतं. मी धरू नये असं कुठं नव्हतं.

मी दोन्ही हात पुढे केले, आत्याबाईंकडून प्याला घेतला आणि वाटेपलीकडे बळूनानांना दिला.